डीसी करून टाक ना बे!

नागपुरात कुठल्याही यंत्राचा दम कमी वाटला की सल्ला एकच मिळतो: सर्किट बदल. कूलरचा पंखा हळू फिरतो? कंडेन्सर मोठा लाव. रिले-कॉइलवाल्या जुन्या पिनबॉललाही, म्हणजे काचेखाली गोळी उडवायच्या पेटीतल्या खेळालाही, तोच न्याय. फ्लिपरने, म्हणजे बटण दाबलं की उसळणाऱ्या पात्याने, मारलेली गोळी अर्ध्यातून परत आली, की बघ्यांपैकी एकजण हमखास म्हणतो, "डीसी करून टाक ना बे!" म्हणजे कॉइलला एसीऐवजी एकाच दिशेने वाहणारी वीज दे.

या मंडळींचा मला राग येत नाही, कारण ते अर्धे बरोबर असतात. फ्यूज मात्र नेहमी उरलेल्या अर्ध्यानेच उडतो.

1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत शिकागोत गॉटलिब, बॅली, विल्यम्स यांनी बनवलेल्या या पेट्यांत चिप नाही. गुण दाखवायला चाकं, लक्षात ठेवायला रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), आणि क्रम लावायला कॅमवाली स्कोअर मोटर. पन्नास गुण मिळाले की ती दहाचे पाच ठोके मोजून देते. तिकडची वीज 60 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 60 आवर्तनांची, आपल्याकडची 50. म्हणून मोटर साधारण एक षष्ठांश मंद चालते. ठोके पोटभर जेवून उठल्यासारखे पडतात. तो बिघाड नव्हे, दुपार आहे असं समजा.

ट्रान्सफॉर्मरला मात्र हा विनोद कळत नाही. 115 व्होल्ट, 60 हर्ट्झसाठी गुंडाळलेला गाभा 50 वर जास्त तापतो. हिशेबाने त्याला 96 व्होल्टच झेपतात. म्हणून 230 वरून उतरवणारा तारेचा ट्रान्सफॉर्मर घेताना 100 व्होल्टचं टोक असलेला, 500 व्हीएच्या आसपासचा घ्यावा. कॉइलला मग वीज थोडी कमी पडते. ती भरून काढायला मशीनच्या ट्रान्सफॉर्मरवर 'हाय टॅप' (जास्त व्होल्टचं टोक) असेल तर तो वापरावा. मूळची दोन पिनांची वायर काढून तीन कोरची टाका आणि हिरवी तार धातूच्या भागांना जोडा. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायलाही विसरू नका. कूलरमध्ये ओततोच की आपण!

आता दमाचं. कॉइल वीज मिळताच लोखंडी दांडा आत ओढते. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेची मारायची, बारीक तारेची धरून ठेवायची. फ्लिपर खाली असताना एक पत्तीचा स्विच बारीक गुंडाळीला वळसा घालतो, सगळा करंट जाड तारेतून जातो. फ्लिपर वर पोचता पोचता हा स्विच उघडतो, दोन्ही गुंडाळ्या एकामागे एक येतात, करंट उतरतो. स्विचचे पॉइंट काळे पडले तर बारीक गुंडाळी पहिल्यापासूनच मध्ये येते आणि फ्लिपर अशक्त होतो. स्विच उघडलाच नाही तर दमच दम, आणि बटण दाबून ठेवलं की थोड्या वेळाने धूर. उघडल्यावर दोन-तीन मिलिमीटर फट हवी, तीही प्रवासाच्या अगदी शेवटी. "दम नाही" म्हणून आलेल्या तक्रारींत बहुतेक वेळा आरोपी हाच असतो.

हे जाड पॉइंट टंगस्टनचे, त्यांना बारीक कानस चालते. रिलेच्या चांदीच्या पॉइंटांना कानस नको. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्यांच्यामधून ओढायची. लग्नपत्रिका नको, तिची चमकी आत राहते. पॉलिश पेपरचीही कच आत राहते. कॉइलच्या नळीत तेल तर मुळीच नको. "थोडं तेल सोड ना भाऊ" म्हणणारा माणूस उद्या येत नसतो. तेलात धूळ बसून अडकलेला दांडा येतो.

एवढं करूनही बंपर, म्हणजे आपटलेल्या गोळीला परत फेकणारा खांब, मिळमिळीत वाटला तर डीसी करा, माझी हरकत नाही. एसीवर दांडा आत गेला की कॉइलचा अडथळा वाढतो आणि करंट आपोआप आवरतो. डीसीवर फक्त तारेचा रोध उरतो, म्हणून ठोसा जोरदार बसतो. म्हणूनच अडकलेली कॉइल डीसीवर लवकर जळते.

चूक होते ती सगळ्या बंपरांना मिळून एकच ब्रिज, म्हणजे एसीची डीसी करणारा चार डायोडांचा तुकडा, लावताना. कॉइलांची परतीची तार इतर एसी कॉइलांशी सामाईक असते. त्यातून ब्रिजच्या डायोडमधून शॉर्ट सर्किट होतं आणि फ्यूज जातो. मग कोणीतरी मोठा फ्यूज सुचवतो. त्याला चहा पाजून घरी पाठवावं.

त्यापेक्षा प्रत्येक कॉइलपाशी वेगळा ब्रिज बसवा, 35 अँपिअर, 400 व्होल्टचा, धातूच्या पाठीचा. कॉइलला येणाऱ्या दोन तारा सोडवून ब्रिजच्या एसी टोकांना झाळायच्या, प्लस-मायनस कॉइलला. रिलेचे पॉइंट एसीकडेच राहतात, त्यामुळे ठिणगी कमी. कपॅसिटर लावू नका: एसीच्या 24 व्होल्टचे 32-33 होतील. दांडा सुटायला अंमळ उशीर लागतो, कारण कॉइलमधला उरलेला करंट ब्रिजमधूनच फिरत राहतो. झाळायला 60 वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या, 25 वॉटचं कॉइलच्या जाड लगवर (तार जोडायच्या टोकावर) नुसतं थंड बसतं. बदलाची चिठ्ठी पेटीत चिकटवा. पुढच्या माणसाच्या हातातल्या सर्किटच्या मीटरभर नकाशात तो ब्रिज नसणार.

आता बंपर गोळीला असा फेकतो की काच वाजते. लोक खूश होऊन पेटीला दणके देतात, आत लोंबकळणारा टिल्टचा लोलक, म्हणजे पेटी हलवणं पकडणारा, कडीला टेकतो, डाव बंद. आणि मागून आवाज येतो, "टिल्टची तारच काढून टाक ना बे!"