सत्कार नंतर करा, आधी मुलांची फाईल तयार करा

बारावीचा निकाल लागला की गावोगाव गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, ट्रॉफी आणि 'मोठी स्वप्नं बघा' हे ठरलेलं भाषण. ज्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला चाललंय, त्या पोराला स्वप्नं बघायला शिकवावं लागत नाही हो. बारावीत असतानाच, दिवाळीच्या आधी जात पडताळणीचा अर्ज टाक, हे सांगणारं माणूस त्याला हवं असतं.

राखीव जागेवर इंजिनीअरिंग-फार्मसीला जायचं तर या पडताळणीतून मिळणारं जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी जातीचा पुरावा हवा ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. सगळ्यात सोपा पुरावा कोणता, तर आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला! ज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्यांच्या नातवाकडे हा दाखला मागायचा. मग कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली जन्मनोंद शोधा, जमिनीचा जुना फेरफार काढा, चुलत्याला वैधता मिळाली असेल तर तिची प्रत आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडा. वडील रोजंदारीवर असतील तर तहसीलची प्रत्येक चक्कर म्हणजे एक बुडालेला रोज. आणि हे सगळं जूनमध्ये धावपळ करून होत नाही. ज्या घरात आधीच कुणी शिकलंय तिथे ही फाईल कपाटात तयार असते. यात हुशारीचा काय संबंध?

अधिवास, उत्पन्नाचा दाखला ही कामं त्यामानाने सोपी. नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे मागास प्रवर्गातल्या सधन गटात मोडत नसल्याचा दाखला, त्यावरची वैधतेची तारीख तेवढी वाचा.

आता फी. वेबसाइटवरचा आकडा बघून घरचे म्हणतात, आपल्याला झेपायचं नाही, आणि विषय संपतो. पण बऱ्याचदा तो आकडा आपल्यासाठी नसतोच. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या जागा आहेत. तिथे शिकवणी शुल्क माफ असतं, मात्र अर्जात तो पर्याय निवडावा लागतो आणि मेरिट चढं लागतं. राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. खरा प्रश्न उरतो राहण्या-जेवण्याचा. त्यामुळे कॉलेजची यादी करतानाच समाजकल्याणच्या वसतिगृहाची आणि पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची चौकशी करा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारे शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येतात, हेही धरून चाला.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो कॅप राउंडचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीचा कॉलेजांचा पसंतीक्रम बघून. तो भरतो कोण? सायबर कॅफेवाला. रांग मोठी असते, तो जवळची नावं भराभर टाकून मोकळा होतो. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्या बंद. ८५ पर्सेंटाइलला मिळणारं कॉलेज ९४ वाल्याने वर लिहिलं तर त्याला तेच मिळणार. सिस्टीम कशाला विचारतेय, बाबा खरंच का?

राजू केंद्रे यांची एकलव्य संस्था पहिल्या पिढीतल्या मुलांच्या शेजारी बसून असं काम करते, थेट टीस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि अझीम प्रेमजी विद्यापीठातल्या प्रवेशापर्यंत. पण एक संस्था कुठे कुठे पुरणार? तुमची डिग्री झाली असेल तर यंदा वस्तीतल्या एका मुलाचा पसंतीक्रम त्याच्यासोबत बसून भरा. मागच्या वर्षीचे कटऑफ राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या साइटवर असतात, ते उघडून समोर ठेवा, आणि सोबत त्याच्या आईवडिलांनाही बसवा.