धनुष्य घेण्याआधी कोच गाठा

पारंपरिक धनुष्याच्या नव्या हौशी मंडळींना एक सल्ला हमखास मिळतो. फॉरवर्ड होत होत तो या महिन्यात माझ्याकडे तिसऱ्यांदा आला. "साध्या धनुष्याला कोच लागत नाही. ना साइट (नेम धरायची खूण), ना स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी), शिकवणार काय? सहा महिने रोज शंभर बाण मारा. हात बसला की मग वाटलं तर कोचकडे जा. आदिवासी पोरं कुठे क्लासला जातात? एकलव्याला कोणी शिकवलं होतं?"

आधी एकलव्याचं बघू, कारण बाकी सगळा सल्ला त्याच्याच जिवावर चाललाय. आदिपर्वातला एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा मुलगा. बापाच्या नावातच धनुष्य असलेला हा पोरगा द्रोणांकडे गेला तेव्हा नवशिका होता, असं मला तरी वाटत नाही. आणि नकार मिळाल्यावरही त्याने गुरू मांडलाच, मातीचा का होईना. 'गुरू नको' म्हणणाऱ्यांना उदाहरणाला नेमका हाच सापडावा!

आदिवासी पोरांचं म्हणाल तर राजस्थानचे लिंबा राम बांबूच्या धनुष्यावरच वाढले. पण आजूबाजूला धनुष्य चालवणारी माणसं होती, बघून शिकता येत होतं. पुढे १९८७ मध्ये सरकारी निवडचाचणीत ते निवडले गेले, दिल्लीत प्रशिक्षण झालं, आणि १९८८ मध्ये ते सोल ऑलिंपिकला होते. सोसायटीच्या गच्चीवर एकट्याने व्हिडिओ लावून उभं राहणं वेगळं. (गच्चीवर तर मुळीच नको. पंचवीस पाउंडांच्या, म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या धनुष्याचा चुकलेला बाण शंभर मीटर सहज जातो.)

"साइट नाही, मग शिकवणार काय?" अहो, साइट नाही म्हणूनच! साइट नसली की तुमचा चेहराच साइट. दोरी ओढून बोट ओठांच्या कोपऱ्याला टेकवायचं, दर वेळी त्याच जागी. बाण धरा सत्तर सेंटिमीटरचा. मागचं टोक अर्धा सेंटिमीटर वर-खाली झालं तर अठरा मीटरवर बाण साधारण तेरा सेंटिमीटर सरकतो, साधं त्रैराशिक आहे. इनडोअरच्या ४० सेंटिमीटरच्या टार्गेटवर दहा गुणांच्या वर्तुळात जाणारा बाण चारच्या वर्तुळात जातो. हा अर्धा सेंटिमीटर स्वतःचा स्वतःला दिसत नाही. बाजूला उभ्या माणसाला दिसतो.

आता ते "सहा महिने रोज शंभर बाण, हात बसला की". हात बसतो, हीच तर पंचाईत. चुकीचाही तितकाच पक्का बसतो. मी चाळीस पाउंडांचं धनुष्य घेतलं होतं. दुकानदार म्हणाला, मोठ्या माणसाला एवढं लागतंच. दोरी कधी तोंडापर्यंत पूर्ण आलीच नाही, आली की थांबायची ताकद नसायची, त्यामुळे आली-न आली तोच सुटायची. शिवाय दर दहा बाणांत एकदा तरी दोरी डाव्या हातावर सणसणीत बसायची. मी आर्मगार्ड, म्हणजे हातावर बांधायचं कवच, बदलला, आणखी लांब घेतला. चार महिने निळा-जांभळा हात घेऊन फिरलो.

मग मैदानावरच्या एका काकांनी मला दाराच्या चौकटीपाशी उभं केलं. "तळवा लाकडावर टेकव. तळवा हलवू नकोस, नुसतं कोपर फिरव." पहिल्यांदा सगळा हातच वळला. पाचव्या-सहाव्या वेळी जमलं. छताकडे बघणारी कोपराची घडी छातीच्या बाजूला वळली आणि दोरीला वाट मोकळी झाली. दहा मिनिटांचं काम. दोरी अर्धवट सोडायची सवय जायला मात्र वर्ष गेलं, तेही बावीस पाउंडांवर उतरून.

म्हणून माझं म्हणणं, कोचकडे जायची वेळ सहा महिन्यांनी नाही, खिशात हात घालण्याआधी आहे. नेम धरताना तुमचा डावा डोळा प्रबळ असेल तर उजव्या हाताचं धनुष्य घेऊन पस्तावाल. धनुष्यावर लिहिलेलं वजन म्हणजे दोरी अठ्ठावीस इंच ओढायला लागणारा जोर. तुमची ओढ पंचवीसची असेल तर पाचसहा पाउंड तिथेच कमी. बाण न लावता दोरी ताणून सोडली तर नवंकोरं धनुष्य तडकू शकतं, आणि कोणी सांगितलं नसेल तर पहिल्या दिवशी प्रत्येक जण नेमकं तेच करतो. क्लबच्या धनुष्यावर चार-पाच वेळा जाऊन या, मग विकत घ्या. त्यानंतर खुशाल दोन महिने एकटे मारा. तेव्हा त्या शंभर बाणांना अर्थ आहे, जरी मी तीसच म्हणेन.

सल्ल्यात एक गोष्ट खरी आहे. कोच चुकीचाही भेटतो. तुर्की किंवा कोरियन पद्धतीचं धनुष्य अंगठ्याने ओढतात, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला असतो. तिथे कोणी सर "तीन बोटांनी ओढ, बाण डावीकडे घे" म्हणाले, तर नमस्कार करून निघा. अंगठा गेल्यावर एकलव्याला बोटांनीच ओढावं लागलं, आणि पहिला वेग राहिला नाही, हेही आदिपर्वातच आहे.