पवनेकाठी रात्री अडीच वाजता

पाठ अजून धरलेली आहे, म्हणून हे ओट्याशी उभं राहून लिहिते आहे. "पवना धरणाच्या काठी तंबूत राहू, पोरांना चांदण्या दाखवू" ही कल्पना नवऱ्याची. चांदण्या ढगात गेल्या. चार जणांचा तंबू खरा, पण चौघं काडेपेटीतल्या काड्यांसारखी निजली तर. आमची दोन कार्टी झोपेत घड्याळाच्या काट्यांसारखी फिरतात. बारा वाजता थोरल्याची टाच माझ्या बरगडीत होती.

अडीचला धाकटी म्हणाली, "आई, शू."

तंबूची चेन अडकली. मी ओढतेय, ती नाचतेय, नवरा घोरतोय. बाहेरून आवाज आला, "वरून खाली नाही, खालून वर ओढा."

शेजारच्या तंबूपुढे खुर्ची टाकून कानटोपीवाले एक काका बसले होते. उठून हात लावावा, असं काही त्यांच्या मनात आलं नाही. "आम्ही हरिश्चंद्रगडावर गुहेत झोपायचो. चेनबिन काही भानगडच नाही," एवढं होईतो आम्ही कशाबशा बाहेर पडलो. संडास लांब, वाटेत चिखल, दारात कुत्रं. मी पोरीला जवळच्या झुडपाआड बसवलं.

"अहो ताई! तिथे नको!"

"का? साप आहे?"

"पाणी आहे! हे धरणातून नदीत सोडतात, रावेतला उचलतात, निगडीला सेक्टर 23 मध्ये शुद्ध करतात आणि मग आपल्या नळाला येतं. तुम्ही कुठल्या?"

"चिंचवड."

"मी निगडी प्राधिकरणात. म्हणजे तुमच्याआधी मला!"

धाकटी उकिडवी बसून हे सगळं मन लावून ऐकत होती. एवढा पाणीपुरवठा कानावर पडल्यावर कोणाला होणार? "गेली," म्हणाली. तंबूत परतलो आणि दहा मिनिटांत झाली. नवऱ्याच्या स्लीपिंग बॅगेत. तेवढाच त्या रात्रीचा न्याय.

पहाटे वरून टपटप सुरू झाली. पाऊस नव्हता. आमचेच श्वास रात्रभर कापडाला लागून, गार होऊन आमच्यावर परत येत होते. माणशी पैसे मोजून आपलीच वाफ अंगावर घ्यायची!

सकाळी काठावर गेले, तर काकांच्या मंडळींच्या कागदी थाळ्या पाण्यात तरंगत होत्या, शेजारी कोंबडीची हाडं. याच मंडळींचा स्पीकर रात्री एकपर्यंत चालू होता. रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा नियम 2000 सालापासून आहे. आणि थाळ्या पाण्यात टाकताना सेक्टर 23 कुठे गेलं होतं? तीन वर्षांच्या पोरीच्या चमचाभर शूने शहर बुडणार, आणि यांचा रस्सा मात्र तीर्थ! हे मी त्यांना तोंडावर म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. उलट निघताना "येतो हं काका" म्हणाले, याचीच जास्त चीड येते.

घरी आल्यावर धाकटीला पाण्याचा पेला दिला. तिने तो नाकाशी नेला, वास घेतला आणि विचारलं, "आई, हे त्या काकांकडे जाऊन आलंय?"