स्थिर चित्राच्या नावानं चांगभलं

आज सकाळी त्या उतारावरचा दगडांचा टप्पा मी आयुष्यात प्रथमच एकदाही पाय न टेकता उतरलो. गेली दोन वर्षे याच टप्प्याने मला कधी ढोपरावर, कधी कोपरावर आणि एकदा तर सायकलीसकट काटेरी झुडपात उतरवले होते. एवढा पराक्रम घडत असताना कॅमेरा हँडलबारवर होता, त्याचा तांबडा दिवा इमानाने लुकलुकत होता आणि हादरे पुसून चित्र स्थिर ठेवणारे स्टॅबिलायझेशन सर्वांत वरच्या पायरीवर होते. माझ्या बाजूने मी काहीही कमी पडू दिले नव्हते. घरी येऊन, बूटही न काढता मी ते चित्रण मोठ्या पडद्यावर लावले, आणि पुढची 40 सेकंदे जे काही पाहिले त्याला चित्रण म्हणवत नाही.

चौकट स्थिर होती, हे मी मान्य करतो, आणि खरा जाच तोच आहे. वाट जागच्या जागी होती, झाडे जागच्या जागी होती, आणि तरीही प्रत्येक खोड क्षणभर स्पष्ट दिसून पुढच्याच क्षणी ओल्या बोटाने पुसलेल्या शाईसारखे फराटत होते. नुसता हिंदकळणारा व्हिडिओ असता तर तो मी निमूटपणे सोसला असता, कारण तसे शेकड्याने साठवून ठेवले आहेत. ज्या शिळेपाशी मी इतकी वर्षे ब्रेक दाबत आलो, तिच्यावरून पुढचे चाक खाली उतरते तो क्षण मी सात वेळा मागे नेऊन पाहिला. सातही वेळा शिळा, चाक आणि माझी बोटे यांचा मिळून एकच राखाडी लगदा दिसला. मित्राला पाठवला, तर त्याने अभिनंदन करायचे सोडून, ‘कॅमेरा मिक्सरच्या झाकणावर लावला होतास का?’ असे विचारले. हे गृहस्थ स्वतः असल्या टप्प्यावर सायकल हातात धरून चालत उतरतात, म्हणून त्यांचे चित्रण नेहमी शांत असते, हे मी त्यांना अजून ऐकवलेले नाही, ऐकवणार आहे.

खोक्यावर ‘लोण्यासारखे मुलायम’ असे छापणाऱ्यांनी त्याखाली ‘फक्त उन्हात’ एवढे दोन शब्द छापायला काय हरकत होती? जाहिरातीतला स्वार बघावा तेव्हा उघड्या कड्यावर, भर उन्हात उधळलेला असतो. दाट झाडीत शिरलेला एकही मला आठवत नाही. सावलीत ऑटोवरचा शटर (प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत घेण्याचा वेळ) 1/30 सेकंदापर्यंत रेंगाळतो, तेवढ्यात हँडलबार पुढे-मागे हिसके देऊन मोकळा होतो आणि ते सारे फराटे त्या एका फ्रेमवर कायमचे उमटतात. कॅमेऱ्याची हालचाल मोजणाऱ्या जायरोस्कोपच्या नोंदी पाहून फ्रेम सरकवता येते, कडा कापून जुळवता येते. पुसलेली शाई परत आणता येत नाही. चित्रण नंतर स्थिर करून देणारे जायरोफ्लोसारखे फुकटचे सॉफ्टवेअरही, कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन बंद ठेवून आणि शटर वेगवान ठेवून चित्रण केले असेल तरच मनापासून काम करते. हे मला ठाऊक होते, म्हणूनच संताप जास्त होता.

त्या संतापाच्या भरात मी कॅमेरा पुसायला घेतला, आणि काचेवर 16 हा आकडा दिसला. आठवडाभरापूर्वी कोणाच्या तरी सल्ल्यावरून, चित्राला ‘सिनेमाची मजा’ यावी म्हणून लावलेला एनडी 16 फिल्टर तसाच होता. सोळातला एक वाटा प्रकाश आत सोडणारा काळा चष्मा घालून मी कॅमेऱ्याला गर्द झाडीत नेले होते, आणि वर तासभर कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. त्यानंतर मी काही वेळ गप्प बसलो. पण सल्ला देणाऱ्यांवरचा राग यामुळे तसूभरही कमी झालेला नाही. शटर फ्रेमच्या वेगाच्या दुप्पट ठेवा, म्हणजे सेकंदाला 30 फ्रेम असतील तर 1/60, हा नियम तिपाईवर कॅमेरा ठेवणाऱ्यांचा आहे. दगडांवरून आपटत जाणाऱ्याला तो सांगणे ही निव्वळ दुष्टाई आहे. मला निदान 1/240 हवा. त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, वाढून चित्रात दाणे आले तरी चालतील, दाण्यांमधून शिळा तरी ओळखू येते.

आता हँडलबारचे बोलायचे, तर तिथे कॅमेरा लावू नये हे मलाही कळते. छातीच्या पट्ट्यावर लावला की गुडघे, कोपरे आणि शरीराचा सगळा लवचिकपणा धक्के गिळतो. मात्र चढावर अंग पुढे झुकले की तासभर हँडलबारचा नट आणि माझेच गुडघे दिसत राहतात. हेल्मेटवर लावला की मी वाट शोधायला मान वळवतो आणि पाहणाऱ्याला मळमळते. मोटरींच्या जोरावर कॅमेरा सरळ धरणारा गिंबल लावून पाहिला. पहिल्याच मोठ्या धक्क्याला त्याच्या मोटरींनी मान टाकली आणि उरलेला उतार त्याने आकाशाकडे बघत काढला. राहता राहिला फोन, तर जोरकस मोटारसायकलच्या इंजिनाची कंपने फोनच्या ऑप्टिकल स्टॅबिलायझेशनला बाधू शकतात, असे ॲपलने 2021 मध्येच सांगितले आहे. माझ्या सायकलीला इंजिन नाही, पण त्या दगडांना हे कोणी कळवलेले नाही.

आणि समजा, सगळे जमले. ऊन आहे, शटर वेगवान आहे, टायरमध्ये दगडासारखी हवा ठासलेली नाही, माउंटचा स्क्रू घट्ट आहे. मग जे चित्र मिळते त्यात माझा जीव मुठीत धरून उतरलेला कडा बागेतल्या फरसबंदीसारखा दिसतो! रुंद लेन्स उतार सपाट करते, स्टॅबिलायझेशन उरलेसुरले हादरे पुसून टाकते, आणि क्षितिज सरळ ठेवणारी ती सोय सुरू असेल तर वळणावर सायकल कलली होती याचाही पुरावा उरत नाही. ‘इथे घाबरण्यासारखे काय होते?’ हा प्रश्न घरच्यांकडून मी तीनदा ऐकला आहे.

आजच्या कार्डात एक अत्यंत स्थिर तुकडाही सापडला. पंक्चर काढताना मी कॅमेरा एका दगडावर ठेवला आणि बंद करायला विसरलो. त्यात 11 मिनिटे माझी पाठ, फिरणारे रिकामे चाक आणि पंप न लागल्यामुळे मी काढलेले शब्द लख्ख आले आहेत. मित्राने तो दोनदा पाहिला आणि शिळेवरचा भाग नेमका केव्हा येतो, असे विचारले.