"त्रास नाही तर तपासणी कशाला" या मेसेजला निपाणीतून उत्तर

चार दिवस झाले, गल्लीच्या, माहेरच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. कॅन्सर तपासणीचा कायदा मागतात तो डॉक्टर लोकांचा धंदा आहे, त्रास नसताना तपासू नका, सुई लागली की गाठ पसरते, आणि योजना आहेच की मग कायदा कशाला. फॉरवर्ड करणाऱ्यांत माझी सख्खी आत्तीपण आहे म्हणून लिहितेय.

त्रास नसताना कशाला? अहो, त्रास नसतानाच करायची असते ती! गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर व्हायला सहसा १०-१५ वर्षं लागतात, तोवर ना दुखतं ना खुपतं, आणि मधेच रक्त जायला लागल्यावर बाई दवाखान्यात गेली की बऱ्याचदा उशीर झालेला असतो. तोंडाच्या कॅन्सरची आधीची खूण असू शकणारा तोंडातला पांढरा चट्टापण सहसा दुखत नाही. आणि हे कर्नाटकातल्या आपल्या निपाणीत सांगावं लागतंय, जिथं तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात बायकांच्या पिढ्या गेल्या, जिथं कितीजणींना मिश्री लावल्याशिवाय सकाळचा चहा जात नाही.

सुईचं म्हणाल तर पहिल्या तपासणीत सुईच नसते. तोंडात बॅटरी मारून बघतात, छाती हातानं तपासतात, पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, पांढरं उमटलं तर पुढं पाठवतात. बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणं, संशय आला तरच, आणि तिच्याशिवाय कुठली ट्रीटमेंट द्यायची हेच ठरत नाही.

धंद्याची गोष्ट अर्धी खरी आहे. खाजगी लॅबवाले पॅकेजात ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तातून कॅन्सरचा अंदाज घेणाऱ्या टेस्ट, विकतात, धडधाकट माणसानं त्यात पैसे घालू नयेत. पण मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून झोपडपट्टीतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला, तपासणाऱ्या कोण तर दहावी शिकलेल्या, ४ आठवडे ट्रेनिंग घेतलेल्या बायका, आणि हीच ॲसिडची तपासणी दर दोन वर्षांनी करून गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ना मशीन ना एसी हॉस्पिटल, यात धंदा कुणाचा?

राहिला कायदा. मेसेजमधली योजना म्हणजे कर्नाटक सरकारची गृह आरोग्य योजना, २०२४ ला कोलार जिल्ह्यात सुरू झाली, तीस वर्षांवरच्यांची घरी येऊन तपासणी, चांगलीच आहे. पण योजना सरकारच्या मर्जीवर चालते, बजेट आटलं की पहिल्यांदा पाठपुरावा बंद पडतो, चट्टा सापडला आणि पुढं कुणी नेलंच नाही तर काय उपयोग? आरोग्य राज्यघटनेत राज्याच्या यादीत येतं, म्हणजे कायदा राज्य करू शकतं. राजस्थाननं २०२३ ला आरोग्य हक्काचा कायदा केला, आपल्या कर्नाटकानं तंबाखू विक्रीची वयाची अट १८ वरून २१ केली तीपण कायद्यानंच. मग तपासणीनंतर पुढची भेट किती दिवसांत, कागद मराठीतपण, आणि हजारी विड्यांवर मजुरी घेणाऱ्या बाईच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई, हे लिहून का मागू नये? विधानसभेचं हिवाळी अधिवेशन बेळगावातच भरतं की. आत्ती, या मागणीच्या अर्जावर तू सही कर, पहिली तुझी घेणार आहे.