खुलासा: कुंडीतलं गांजाचं रोप ‘चालतं’ हा मेसेज चुकीचा आहे

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: गांजाच्या रोपाचा शेंडा वाकवून, सुतळीने बांधून ते ठेंगणं ठेवलं तर ‘शोभेचं झाड’ ठरतं, घरी एक-दोन चालतात. साफ चूक. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात उंचीची किंवा कुंड्यांच्या संख्येची सवलत नाही. विनापरवाना लागवडीला कलम २० खाली १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. गोंधळ बहुधा भांगेवरून झाला असावा. नुसती पानं गांजाच्या व्याख्येत येत नाहीत, पण झाड लावणं गुन्हाच.

वाकवण्याने फुटवे वाढतात, हे मात्र खरं. शेंड्यातल्या ऑक्सिन या वाढीच्या संप्रेरकामुळे बाजूचे कोंब दबलेले असतात; शेंडा खाली गेला की ते उसळतात. हौस असेल तर वेली गुलाबाची लांब फांदी गॅलरीच्या ग्रिलला आडवी बांधा. मेसेज पुढे पाठवलेल्या मुलांनो, तो आजच डिलीट करा.