पणजीचं मशीन आणि ‘वाय’ हे अक्षर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, कारण तुम्ही पाठवलेले फोटो मोठे करून नीट बघायचे होते आणि माझा मूळ लेखही पुन्हा वाचायचा होता.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या पणजीच्या लग्नात, १८९६ साली, तिच्या वडिलांनी सिंगर कंपनीचं शिवणाचं पायमशीन दिलं, ही गोष्ट तुमच्या घरात चार पिढ्या सांगितली जाते. मशीनमध्ये होडीसारखं लांबट शटल (खालचा दोरा नेणारा भाग) आहे, अंगावर सोनेरी स्फिंक्स, म्हणजे सिंहाच्या धडाचं, माणसाच्या तोंडाचं इजिप्तचं चित्र आहे, म्हणजे ते त्या काळचंच. माझ्या लेखातली, मशीनवरच्या क्रमांकावरून साल काढायची पद्धत वापरली तर मात्र ते १९२० च्या दशकातलं ठरतं. ‘परदेशातल्या कुठल्याशा वहीतला आकडा आमच्या आजीच्या शब्दापेक्षा मोठा कसा? आणि त्या दिवशी कारखान्यात तुम्ही हजर होतात का?’ असं तुम्ही विचारलंत.

दुसऱ्या प्रश्नात तुमचं बरोबर आहे. क्रमांकावरून मशीन ‘कोणत्या दिवशी बनलं’ ते कळतं, असं मी लिहिलं होतं. ते वाक्य चुकीचं होतं, आज ते बदललं आहे. सिंगर कंपनी क्रमांकांचे गठ्ठे आधी नेमून द्यायची : अमुक कारखान्याला, अमुक मॉडेलसाठी, या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत. याद्यांमध्ये दिसते ती तारीख गठ्ठा नेमून दिल्याची असते. त्यातलं एखादं मशीन लगेच बनलं असेल, एखादं बऱ्याच महिन्यांनी. पुढे जहाजाचा प्रवास, दुकानातला मुक्काम, मग कुणाचं तरी घर. म्हणजे क्रमांक आपल्याला खालची मर्यादा देतो : याच्या आधीचं हे मशीन नाही. घरात कधी आलं, हे तो सांगत नाही.

शतकपूर्तीच्या बिल्ल्याचंही असंच. आयझॅक सिंगरला पेटंट मिळालं १८५१ मध्ये, म्हणून १९५१ च्या सुमारास निळ्या कडेचा, दोन्ही सालं असलेला बिल्ला मशीनवर लावला गेला. १९५१ च्या आधी नेमून दिलेल्या क्रमांकांच्या मशीनवरही तो सापडतो. आणि त्याच बिल्ल्यावरचं पहिलं साल तेवढं वाचून ‘१८५१ चं सिंगर’ म्हणून मशीन विकायला काढलेली मी पाहिली आहेत. घेणारा त्यापायी भलतीच किंमत मोजतो, याचं मला फार वाईट वाटतं.

आता पहिला प्रश्न. तुमच्या फोटोत, पाट्यावर (मशीनच्या सपाट तळावर) उजव्या हाताला, खांबाच्या बुडाशी क्रमांक आहे : आधी ‘वाय’, मग सात आकडे, त्यातला पहिला पाच. खालचा दांडा झिजला की ‘वाय’ हे अक्षर ‘व्ही’सारखं दिसतं, म्हणून मी तो फोटो निरनिराळ्या प्रकाशात करून पाहिला. ते ‘वाय’च आहे.

सगळा निकाल या एका अक्षरात आहे. एकोणिसाव्या शतकात सिंगर क्रमांकाआधी अक्षर घालतच नसे. नुसते आकडे चढत गेले आणि दीड कोटीच्या पुढे पोचले. अक्षरं सुरू झाली ती १९०० मध्ये, कारखान्यानुसार. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथला जी वगैरे, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला पी, आर, एस, व्ही, एफ आणि मग वाय. ‘वाय’ची मालिका १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९३५ पर्यंत चालली, त्यानंतर ‘ईए’पासून दोन अक्षरी क्रमांक आले. पाचावरून सुरू होणारा तुमचा आकडा त्या दशकाच्या उत्तरार्धात बसतो. साल एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होईल. पण १८९६ साली या क्रमांकाचं मशीन असणं शक्यच नाही.

ती ‘कुठलीशी वही’ म्हणजे कारखान्याने आपल्या कामासाठी ठेवलेली नोंद. क्लाइडबँकचा तो कारखाना १८८० च्या दशकात उभा राहिला, १९८० मध्ये बंद झाला. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही ‘सिंगर’ आहे. नोंद करणाऱ्या कारकुनाला कुणाच्या लग्नाचं साल जुळवायचं नव्हतं. म्हणून मी तिच्यावर विसंबते.

शटलवरून तुम्ही काढलेला निष्कर्ष पुष्कळ जण काढतात. लांबट शटल ही जुनी रचना खरी, पण ती जुन्या काळातच थांबली नाही. गोल बॉबिनची मशीन कधीच बाजारात आलेली असताना क्लाइडबँकला लांबट शटलची मशीन १९५० च्या दशकातही बनत होती. लोकांना त्या शटलची सवय होती, दुरुस्ती सोपी होती, शिवण सरळ पडायची. मग कंपनी का बंद करेल? स्फिंक्सही कैक वर्षं टिकला. काही जण उलट टोकाला जाऊन सांगतात की इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ मध्ये सापडली, त्यानंतर हे चित्र आलं. तेही खरं नाही. त्याच्या कितीतरी आधीच्या मशीनवर स्फिंक्स आहे. चित्रावरून साल ठरवायला मी कुणालाच सांगणार नाही.

पण म्हणून तुमच्या आजी चुकीचं सांगत होत्या असं मी म्हणत नाही. माझ्या लेखाचा तसा अर्थ निघाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगरची मशीन मुंबईत विकली जात होती. नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांकडे हिंदुस्थानातला कारभार होता. हप्त्यांनी मशीन देण्याची पद्धत तर कंपनीने १८५० च्या दशकातच सुरू केली होती. तेव्हा १८९६ साली एका बापाने लेकीला मशीन दिलं, यात अशक्य काही नाही.

आणि पायमशीन म्हणजे एकच वस्तू नव्हे. वरचं हेड, म्हणजे सुईचा शिवणारा भाग, वेगळं, खालचं बिडाचं स्टँड वेगळं, मधली लाकडी फळी वेगळी. सिंगरच्या पूर्ण मापाच्या हेडचा पाटा मॉडेल बदललं तरी सहसा त्याच मापाचा असे. दोन बिजागऱ्यांचे स्क्रू सैल केले की जुनं हेड निघतं, नवं बसतं. जुनं हेड परत घेऊन नव्याच्या किमतीत सूट देण्याची रीतही कंपनीत होती. तीस वर्षं रोज चाललेलं हेड झिजलं, ते देऊन नवं आणलं, स्टँड तेच राहिलं, आणि घरात ते ‘पणजीचं मशीन’च राहिलं, असं झालं असू शकतं. हे मी सिद्ध केलेलं नाही. पण तुमच्या दुसऱ्या फोटोत फळीवर, हेडच्या पाट्याबाहेर, स्क्रूची बुजवलेली जुनी भोकं दिसतात. कुणीतरी तिथे पूर्वी काहीतरी वेगळं बसवलं होतं.

माझ्या आईकडे मावशीचं हातमशीन आहे. क्रमांकावरून ते १९५० च्या दशकातलं निघालं तेव्हा आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, कारण तिच्या आठवणीत ते स्वातंत्र्याच्या आधीचं होतं. पुढे तिलाच आठवलं की आधी शेजारणीचं मशीन असायचं, उसनं आणलेलं. शिवायला ती शिकली ते त्या मशीनवर. तिची आठवण खरी होती, मशीन दुसरं होतं. तेव्हापासून मी घरातली गोष्ट ऐकून घेते, ती कुठल्या भागाला लागू पडते ते शोधते.

म्हणून एक विनंती. हेड मागे कलवून खालचे फोटो काढा. पट्टा काढून स्टँडच्या दोन्ही बाजू, पायटा आणि मोठं चाक यांचेही काढा, ओतीव अक्षरं वाचता येतील असे. खण पूर्ण बाहेर काढून त्यांच्या मागची पोकळीही बघा. हप्त्यांच्या पावत्या, सुयांची पाकिटं तिथे अडकून राहतात. पुसताना स्पिरिट अजिबात वापरू नका, त्याने वरचा लाखेचा थर विरघळतो आणि सोनेरी चित्र निघून येतं. मशीनचं तेल आणि मऊ सुती कापड पुरे. क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवलीत, तर ‘वाय’ तुमचा तुम्हालाही पडताळता येईल.

फोटो आले की आधी स्टँड बघते.